सावलीची बाजू

आईची बाकीची लुगडी बोहारणीला गेली. हे एक मी दिलं नाही. फिकट जांभळं, काठ विटलेला, पदराला दोन ठिकाणी रफू. चाळीस वर्षांच्या धुण्यानं ते असं झालं होतं की घडी हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये. त्याचं काय करायचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ट्रंकेत ह्यांच्या खाकी कपड्यांच्या शेजारी ते पडून होतं.

लेक बाळंतपणाला वर्ध्याला आली आणि कार्तिकात नात झाली, तेव्हा ते बाहेर निघालं. आमच्याकडे नवजात लेकराला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत. कारण विचारलं तर कोणी दृष्टीचं नाव घेतं, कोणी म्हणतं की म्हाताऱ्या माणसाचं कापड अंगाला लागलं की त्याचं आयुष्य लाभतं. मी तीस वर्षं शिवणवर्ग घेतले, त्यामुळे मला त्यातलं कापडाचं कारण आधी दिसतं. नव्या सुती कापडात खळ असते, धागा ताठ असतो, शिवण टोचते. हजारदा धुतलेल्या धाग्याची टोकं मऊ झालेली असतात. आईच्या लुगड्याच्या एका टोकातून आठ लंगोट, दोन झबली आणि एक दुपटं निघालं. उरलेल्यातून टोपडी केली. मागे चुण्या, कानावर येईल अशी कड, हनुवटीखाली बांधायला बंद.

बारशाला खणाची कुंची होतीच. तिला सोनेरी लेस, मागे पाठीवर उतरणारा पदर. कुंचीत लेकरू किती देखणं दिसतं हे सांगायला नको. पण बारसं झालं की कुंची पेटीत जाते आणि रोजच्या रोज डोक्यावर असतं ते टोपडं. त्याचं काम वारा अडवायचं, कान झाकायचे, टाळू सांभाळायची. आई माझ्या पहिल्या बाळंतपणात म्हणायची, "टाळू म्हणजे उघडं दार हाये बाई, लेकराले सांभाळून ने." टाळूवर तेल भरायचं, वर टोपडं बांधायचं, मग कोवळ्या उन्हात पाच मिनिटं. कोवळं म्हणजे अंगणात सावली लांब पडलेली असेपर्यंतचं. तेवढं ऊन आमच्या बायकांना नेमकं मोजता यायचं.

माझी चूक त्या मोजणीच्या बाहेर झाली.

महाशिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. नातीला साडेतीन महिन्यांची लस द्यायची होती. दवाखान्यात आत बसायला जागा नव्हती म्हणून अंगणात रांग होती. अकरा वाजून गेले होते, पण हवेत गारवा होता, मी स्वतः अंगावर शाल घेतलेली. नातीच्या डोक्यावर आईच्या लुगड्याचं टोपडं, ती माझ्या खांद्यावर झोपलेली. पाऊण तास उभ्या राहिलो. मला ऊन लागलं नाही, त्यामुळे तिलाही लागत असेल असं मनात आलं नाही. संध्याकाळी टोपडं सोडलं तर कपाळ लाल, नाकाचा शेंडा लाल, आणि केसांच्या रेषेच्या वर, जिथे टोपडं होतं, तिथेही फिकट लाली. चेहरा उघडा होता, तो भाजला हे समजलं. पण कापडाखालचं कातडं?

डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांत जाईल म्हणून सांगितलं आणि तसं ते गेलं. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन लावायचं नाही, सावली आणि कपडा हाच उपाय, असंही त्या म्हणाल्या. मी मुकाट ऐकलं. रात्री लेक काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते टोपडं खिडकीसमोर धरलं. पलीकडचा लिंबाचा फांदोरा दिसत होता. पानं मोजता आली असती. चाळणी होती ती. वर्गात मी मुलींना कापड उजेडाला धरून पारखायला शिकवत असे, पोत समजावा म्हणून. वीण किती दाट, धागा एकसारखा आहे का, पाणी पडलं तर अंग दिसेल का. तीच परीक्षा मी नातीच्या डोक्यावर कापड बांधताना केली नव्हती. उजेड जिथून येतो, तिथून उन्हातले न दिसणारे किरणही येतात. ते अतिनील किरण गरम लागत नाहीत. म्हणून तर माघातल्या गार हवेत ते कळले नाहीत. ऊन किती चटकतं हे आपण उष्म्यावरून ठरवतो, आणि कातडी भाजणारी गोष्ट उष्म्यात नसतेच.

मग मी या विषयाच्या मागे लागले. कपड्यातून किती अतिनील किरण पार होतात याचं माप आहे, यूपीएफ. ५० यूपीएफ म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, शंभरात दोन. १५ च्या खालच्या कपड्याला ऑस्ट्रेलियाच्या मानकात उन्हापासून संरक्षण देणारा म्हणता येत नाही. आणि साधा पांढरा सुती टीशर्ट या मापावर ५ ते ७ च्या घरात असतो, म्हणजे पाच ते सातातला एक भाग सरळ कातडीवर. ओला झाला की आणखी कमी. आईचं लुगडं टीशर्टच्या कितीतरी पातळ. नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं, वीण घट्ट होते, तेव्हा ते ऊन उलट जास्त अडवतं. पण नंतर धागा झिजत जातो, वीण मोकळी होते. गडद रंग जास्त किरण शोषतो, फिकट कमी. ब्लीच केलेल्या सुतापेक्षा कोरं सूत बरं, कारण कापसाचा मूळ पिवळसर रंगही थोडं काम करतो.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट घट्ट बसत गेली. जुनं कापड लेकराच्या अंगाला ज्या कारणानं चांगलं, त्याच कारणानं ते उन्हाला वाईट. मऊपणा आणि विरळपणा एकाच झिजण्यातून येतात. दोन्ही हवं असेल तर एका कापडानं भागणार नाही. एक कापड डोक्याचं आणि एक उन्हाचं.

डोक्याचं तर होतंच. उन्हाचं शोधायला मी पुन्हा ट्रंक उघडली.

हे एस.टी.त कंडक्टर होते. वर्धा-आर्वी, वर्धा-हिंगणघाट, शेवटी शेवटी चंद्रपूरची गाडी. वैशाखात डोक्याला ओला दुपट्टा बांधून जायचे. त्यांची एक सवय सगळ्या रोजच्या प्रवाशांना माहीत होती. लेकुरवाळी बाई चढली की तिकीट फाडायच्या आधी सांगायचे, कोणत्या बाजूला बसायचं. गाडी कुठे वळते, किती वाजता सूर्य कुठे येतो, सगळं त्यांच्या डोक्यात. सकाळच्या चंद्रपूर गाडीत म्हणायचे, "उजवीकडे बसा बाई, दुपारपर्यंत सावली राहील." गाडी दक्षिणेला जाते, सकाळचं ऊन डावीकडून येतं. इतकी साधी गोष्ट, पण उभ्या गर्दीत लेकरू काखेत घेऊन चढणाऱ्या बाईला तेवढा हिशोब करायला वेळ नसतो.

त्यांचे तीन खाकी जोड होते. खाकी ड्रिल म्हणजे तिरप्या विणीचं दाट कापड. खिडकीला धरलं तर पलीकडचं झाड गायब. फक्त खांद्यांवर मात्र उजेड ठिपक्या ठिपक्यांनी आला. वीस उन्हाळे त्या खांद्यांवर पडले होते आणि ऊन नुसता रंग खात नाही, धागाही खातं. म्हणून खांदे आणि पाठीचा वरचा भाग बाजूला ठेवला. शर्टाचा खालचा घेर, जो पँटीत खोचलेला असायचा, तो जवळजवळ नव्यासारखा होता. जुन्या कपड्यातून काही शिवायचं असेल तर तो कपडा घालणारा माणूस कसा जगला हे आधी बघावं लागतं. कोपरा, गुडघा, खांदा सोडायचा. खिशाच्या मागचं, टाक्याच्या आतलं, खोचलेलं घ्यायचं.

मध्येच लेकीनं फोनवर एक तयार टोपी दाखवली. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं पॉलिएस्टर, यूपीएफ ५०+. मी ती हलकी लेखणार नाही. बाटल्या धुऊन, त्यांचे तुकडे करून, अडीचशे अंशांच्या वर वितळवून बारीक छिद्रांतून धागा ओढतात. बाटली आणि पॉलिएस्टर कापड मुळात एकच पदार्थ आहे. आणि या पदार्थाच्या घडणीतच असं काही आहे की भाजणारे किरण तो सुतापेक्षा चांगले शोषतो. त्यामुळे पातळ असूनही ती टोपी ऊन अडवते, वाळतेही लवकर. दूर राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आयांना ती सोयीची आहे. पण माझं मन दोन गोष्टींना अडलं. विदर्भातल्या घामाला पॉलिएस्टर झेपत नाही, लेकराच्या डोक्यावर तर नाहीच. आणि दर धुण्याला त्यातून डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, टोपीची पुन्हा टोपी सहसा होत नाही. लेकराची टोपी जेमतेम एक उन्हाळा पुरते. घरात ट्रंकभर कापड असताना ती विकत आणायची मला गरज वाटली नाही.

सहा कळ्यांची टोपी बेतली. साडेपाच महिन्यांच्या नातीचं डोकं ४२ सेंटीमीटर भरलं, त्यात ३ सेंटीमीटर सैल धरले, म्हणजे तयार कळी तळाला साडेसात सेंटीमीटर. वर खाकी, आत लुगड्याचं अस्तर. दोन थरांत हवा राहते, आणि घाम सुती अस्तर टिपून घेतं. शिवणी सगळ्या दोन कापडांच्या मध्ये दाबल्या, टाळूवर एकही गाठ येऊ दिली नाही. लेकराचं डोकं अंगाच्या मानानं केवढं मोठं असतं! जन्मतः लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं, मोठ्या माणसात आठवा. म्हणजे उन्हाला आणि उष्म्याला त्यांचं केवढं तरी अंग वरच्या वरच सापडतं.

खरा प्रश्न कडेचा होता. आमच्या टोपड्याला पुढे येणारी कड नसते, कुंचीलाही नसते. वारा आडवा येतो, त्याला कान झाकले की पुरे. ऊन वरून येतं. वर्ध्याला २४ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. अशा उन्हात टोपी कितीही दाट असो, चेहऱ्यावर सावली पाडायची तर पुढे काहीतरी यायलाच हवं. आणि सूर्य जितका वर, तितकी लहान कडही जास्त झाकते. लहान लेकरांना पाच सेंटीमीटर कड असावी असं म्हणतात. मी तेवढीच घेतली.

दांडीची मोडकी काळी छत्री होती, सासऱ्यांच्या वेळची, सुती कापडाची. हल्लीच्या छत्र्यांना आतून चंदेरी थर असतो, तो जुना झाला की खपल्यांनी सुटतो. ते कापड लेकराच्या टोपीला मुळीच घेऊ नये. हे कापड मी रंग जायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा धुतलं. कडेला वरून खाकी, खालून छत्रीचं काळं. काळं खालून का, तर जमिनीवरून, फरशीवरून, पांढऱ्या भिंतीवरून परत येणारा उजेड फिकट कडेला आपटून थेट डोळ्यांत जातो, काळी बाजू तो गिळते. कड ताठ राहावी म्हणून बकरम घालायची माझी जुनी सवय. पण लेकरू मांडीवर आडवं झालं की ताठ कड मानेत रुतते. मग गोधडीला घालतो तसा धावदोरा घातला, कडेच्या वळणानं एकाआड एक नऊ ओळी. पुरेशी उभी राहिली, आणि दाबली तर मुडपते. सगळ्या बाजूंनी लुगड्याच्या तिरप्या कापलेल्या पट्टीची उरेब पाइपिन केली, कारण ती कड शेवटी तोंडात जाणार हे मला ठाऊक होतं. तोंडात जायचं ते पणजीचं लुगडंच जावं.

मागच्या बाजूला कड नको होती. तिथे मला कुंची आठवली. कुंचीचा मागचा पदर मानेवर उतरतो, तसाच दोन पदरी खाकी-लुगड्याचा पदर लावला. पर्थला असलेल्या भाचीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "मावशी, अशीच टोपी इथे पाळणाघरात सांगतात, मागून मान झाकणारी." तिकडे १९८१ पासून लोकांना उन्हाबद्दल सांगायची मोठी मोहीम आहे. सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला असं गाणं म्हणणारा एक समुद्रपक्षी त्यांच्या लहानपणापासून घराघरांत आहे. टोपी आणली नाही तर मुलांना उन्हात खेळायला सोडत नाहीत. तिथे त्वचेच्या कर्करोगाची भीती मोठी. आपल्या सावळ्या कातडीला ती तितकी नाही हे खरं, पण सावळी कातडी भाजत नाही हा समज खोटा आहे, आणि तो मी माझ्या नातीच्या कपाळावर खोटा ठरलेला पाहिला.

बंद मात्र मी बदलले. हनुवटीखाली घट्ट गाठ मारायची आपली रीत, पण गाठ अडकली, बंद कशात गुंतला तर गळ्याला फास बसतो. लहान तुकडा वेल्क्रोचा लावला, ओढला की सुटतो. मणी, टिकली, बटण काही नाही. आणि लेकीला बजावून सांगितलं की झोपली की टोपी काढायची, गाडीत असो की घरात. छोटं लेकरू अंगातला उष्मा बराचसा डोक्यातूनच सोडतं, झाकून ठेवलं तर ते तापतं. टोपी उन्हातून सावलीत पोचेपर्यंतची. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला दुपारी बाहेर काढायचंच नाही, हे टोपीच्या आधीचं. कोवळ्या उन्हाचा हट्ट मी सोडला नाही, पण ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालू आहेत.

एका छत्रीतून आठ तुकडे निघतात, एका तुकड्यात दोन कडा. कापड पुष्कळ उरलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचं काम चालू होतं. दोन झाडांना साडीची झोळी बांधलेली, आत आठ-नऊ महिन्यांचं लेकरू. दुपारी सावली सरकली की ती झोळी उन्हात. पातळ साडीचा एकच पदर. मी बरीच मिनिटं तिथे उभी राहिले, कारण मला त्या साडीतून काय काय आत जातंय ते आता दिसत होतं. संध्याकाळी जाऊन त्याच्या आईला सांगितलं की झोळीवर दुसरी गडद साडी आडवी टाक, बाजूंनी मोकळी ठेव, वारा खेळू दे. टोपीचं माप घेऊ का विचारलं. ती म्हणाली, "मोठी करा बाई, पुढच्या उन्हाळ्यालेबी पुरन." तिचं बरोबर होतं. त्या टोपीला मी मागे चुण्या घालून आत नाडी ओवली, टोकं आत शिवून टाकली, जशी डोई वाढेल तशी चुणी उसवायची. नंतर माझ्या नातीच्या टोपीतही तसंच केलं. तीस वर्षं वर्ग घेऊन मला जे सुचलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. तिच्यासाठी पहिली झाली, मग तिच्या सोबतणींसाठी आणखी तीन. काम पुढे सरकलं, त्या गेल्या.

नातीच्या टोपीची पुढची कळी सगळ्यात शेवटी कापली. शर्टाचा डावा खिसा उसवला तेव्हा खाली चौकोनी तुकडा दिसला, गडद, मातीच्या रंगाचा. सगळा शर्ट फिकट पडलेला आणि तेवढाच भाग जसा गिरणीतून आला तसा. खिशात ते तिकिटांचा गठ्ठा आणि रुमाल ठेवायचे. इतकी वर्षं त्या कापडाला ऊन लागलंच नव्हतं. मी तो तुकडा उजेडाला धरला, एक ठिपकाही आला नाही. तो कपाळावर घेतला.

अक्षय्य तृतीया झाली आणि लेकीला चंद्रपूरला जायचं ठरलं. पहाटेची गाडी हुकली, साडेसातची मिळाली. स्टँडवर ऊन उतरलं होतं. नात माझ्या कडेवर, टोपीची कड तोंडात धरून चोखत होती, पाइपिन ओलीचिंब. कड अर्धी वाकडी झालेली, तरी डोळ्यांवर सावली होती. गाडी लागली, गर्दी झाली. मी नातीला खिडकीतून आत दिलं आणि काही बोलायच्या आधीच लेक आतून म्हणाली, "आई, उजवीकडे जागा मिळाली."

तिनं बसल्यावर टोपीचा वेल्क्रो सोडला. गाडी हिंगणघाट नाक्याकडे वळेपर्यंत ती खाकी टोपी खिडकीच्या दांडीवर दिसत होती.